खुळखुळ की ठकठक

"आवाज कसा येतोय, बाई?"

मिस्त्रींनी हे विचारलं तेव्हा ते बॉनेट उघडून तेलाची पट्टी फडक्याला पुसत होते. गाडी नेहमीच्या सर्व्हिसिंगला आणली होती. गणपती गावाला गेले, पावसाचा जोर ओसरला, की दरवर्षी मी ती उद्यमनगरात त्यांच्याकडे नेते. इंजिन ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलायचा, एअर फिल्टर झटकायचा, ब्रेकमधली माती काढायची, चाकांची जागा बदलायची, एवढंच काम असतं. यंदा किल्ली देता देता मी म्हटलं, "आणि पुढून एक आवाज येतोय, तेवढा बघा."

"कसा येतोय?"

"खड्ड्यातून गेलं की येतो."

"ते कवा येतोय झालं. कसा येतोय?"

मी गप्प झाले. एकतीस वर्षं मी शाळेत मराठी शिकवलं. मिस्त्रींची थोरली मुलगी माझ्या वर्गात होती, म्हणून ते मला बाई म्हणतात. आणि महिनाभर रोज कानावर पडणाऱ्या एका आवाजाचं नाव काही मला सांगता येईना.

मिस्त्रींनी पट्टी परत खोचली आणि धडा समजावून सांगावा तसं सांगितलं. "ठकठक असंल तर जाड लोखंड लोखंडावर आपटतंय. खुळखुळ असंल तर बारकं काय तरी ढिलं झालंय, आपल्याच घरात हलतंय. करकर असंल तर रबर. घरघर असंल तर चाकाचं बेरिंग, पन ती खड्ड्याची वाट बघत न्हाई, सरळ रस्त्यावर बी येती. आता सांगा."

मी डोळे मिटून आठवलं. "खुळखुळ."

"हां," ते म्हणाले. "आता कसं!"

व्याकरणात अभ्यस्त शब्दांचे तीन प्रकार असतात. पूर्णाभ्यस्त, अंशाभ्यस्त आणि अनुकरणवाचक. तिसऱ्यासाठी मी फळ्यावर यादी लिहीत असे. किरकिर, गडगड, घणघण, कडकड, फडफड. मुलं ती पाठ करत, परीक्षेत एका गुणाला एक उदाहरण लिहीत आणि विसरून जात. मीही ती यादी तशीच शिकवली, एका गुणाच्या मापाची. त्यातला एकेक शब्द एखाद्या माणसाच्या हातात पान्ह्यासारखा, ठरावीक मापाच्या नटालाच बसणारा असू शकतो, हे मला त्या दिवशी कळलं.

"चला, तुम्ही चालवा, मी ऐकतो," मिस्त्री म्हणाले. "तेल बी गरम होतंय, सगळं नीट निथळंल."

निघण्याआधी त्यांनी गाडी रिकामी केली. दारातल्या कप्प्यातली छत्री, पाण्याची बाटली, गिअरजवळच्या खळग्यातली चिल्लर. मग डिकी उघडली. जॅक, त्याचा दांडा आणि चाकाचा पाना पोत्यात गुंडाळून बाहेर ठेवला, स्टेपनी हलवून पाहिली. सस्पेन्शनचा म्हणून आलेला आवाज जॅकचा निघाल्याचं त्यांनी खूपदा पाहिलं आहे. मग रेडिओ बंद, पंखा बंद, काचा वर.

उद्यमनगरच्या गल्ल्यांत शांतता नसते. लेथ, ग्राइंडर, ओतकामाच्या फौंड्र्या, ऑइल इंजिनांच्या जमान्यापासून इथं लोखंड बोलत आलं आहे. त्या गजबजाटातून आम्ही बाहेर पडलो आणि पंचगंगेवरच्या शिवाजी पुलावरून पन्हाळ्याच्या वाटेला लागलो. हा माझा नेहमीचा रस्ता. वाघबिळाच्या अलीकडे डावीकडे वळलं की बहिणीचं गाव, आई तिच्याकडे असते. कोल्हापूरचा पाऊस रस्ता सोलून काढतो आणि उरलेलं काम हंगामात उसाच्या ट्रॉल्या करतात. दर शनिवारी मी त्या रस्त्यावरून जाते. आवाज तिथलाच, माझ्या ओळखीचा.

मिस्त्री आधी माझ्या शेजारी बसले, मग मागच्या सीटवर उजवीकडे, मग डावीकडे. बोलत नव्हते. एकदा म्हणाले, "हलका ब्रेक दाबून धरा आन् त्याच खड्ड्यातनं न्या." नेली. आवाज तसाच. "म्हणजे ब्रेकचे पॅड न्हाईत. पॅड सैल असतं तर दाबल्यावर गप झालं असतं." मग गावाबाहेरच्या स्पीडब्रेकरवरून दोन्ही चाकं एकदम सरळ चढवायला लावली, अगदी हळू. आवाज जवळजवळ नाहीच. परत मागे. आता एकच चाक खड्ड्यात, दुसरं सपाटीला. खुळखुळ, खुळखुळ, स्पष्ट. मिस्त्रींनी मान हलवली. पन्नासेक वर्षं इंजिनांजवळ काढलेला हा माणूस त्या क्षणी इतका स्तब्ध होता की मीही श्वास रोखून गाडी चालवत होते.

ही दोन्ही चाकांची आणि एका चाकाची भानगड मी नंतर नीट समजावून घेतली. छोट्या गाड्यांच्या पुढच्या चाकांना बहुधा मॅकफर्सन पद्धतीचं सस्पेन्शन असतं. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्यानं ते १९४० च्या दशकात आखलं आणि पुढे फोर्डच्या गाड्यांतून ते रस्त्यावर आलं. स्प्रिंग आणि तिच्या पोटात उभा शॉक अॅब्सॉर्बर, असा एकच खांब. त्याचं वरचं टोक गाडीच्या अंगाला रबरी माउंटिंगनं धरलेलं. खाली चाकाला धरून ठेवणारा लोअर आर्म, त्याच्या एका टोकाला बॉल जॉइंट आणि गाडीकडच्या बाजूला रबराचे बुश. भाग थोडे, जागा कमी, खर्च कमी, म्हणून जगभर हेच पसरलं. याशिवाय डाव्या आणि उजव्या चाकाला आडवा जोडणारा एक वाकवलेला पोलादी दांडा असतो, स्टॅबिलायझर. वळणावर गाडी एका अंगावर कलू लागली की तो पिळला जातो आणि तिला सावरतो. या दांड्याचं टोक शॉकच्या खांबाला जोडणारी वीतभर लांबीची लिंक असते, तिच्या दोन्ही टोकांना सुपारीएवढे गोल सांधे.

दोन्ही चाकं एकदम उचलली गेली की दांडा दोन्हीकडून सारखाच वर जातो, पिळला जात नाही, लिंकवर फारसा ताण येत नाही. एकच चाक खाली गेलं की दांडा पिळतो आणि सगळा झटका लिंकवर येतो. म्हणून स्पीडब्रेकरवर गप्प आणि खड्ड्यात बोलकं, असं काही असेल तर पहिला संशय लिंकवर. मिस्त्रींनी हे कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. पण एका खड्ड्यावरून दोनदा जाऊन दोन वेगळे प्रश्न विचारायचे आणि उत्तरांतला फरक ऐकायचा, ही रीत कुठल्याही प्रयोगशाळेत शोभेल अशी आहे.

तरी त्यांनी निकाल दिला नाही. गॅरेजवर परतल्यावर मला गाडी उभ्या जागी ठेवून स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकाला फिरवायला लावलं आणि स्वतः स्प्रिंगवर तळहात ठेवून उभे राहिले. वरच्या माउंटिंगचं बेरिंग अडकत असेल तर स्प्रिंग आखडते आणि मग टणकन सुटते, ते हाताला कळतं. तसं काही झालं नाही. मग गाडी शेजारच्या गॅरेजातल्या लिफ्टवर चढवली, चारही चाकं अधांतरी. त्यांच्या हाताखालच्या मुलानं चाकं धरून गदागदा हलवली, लोअर आर्मखाली टॉमी घालून दाबून पाहिलं, लिंक ओढून पाहिली. काही नाही. सगळं घट्ट.

"काहीच सापडलं नाही," मी म्हटलं.

"उचलली की गप बसतीया," मिस्त्री म्हणाले. "चाकं लोंबाय लागली की सगळं तणून बसतंय. जे वजनाखाली हलतंय ते वजन काढल्यावर कसं हलंल? खाली घ्या रं, खड्ड्यावर घ्या."

मला आईचा गुडघा आठवला. दोन वर्षांपूर्वी ती डॉक्टरांच्या टेबलावर आडवी झाली तेव्हा गुडघा वाकवला, सरळ केला, दुखलं नाही. जिना चढताना दुखतं, ती म्हणत होती. डॉक्टरांनी तिला खाली उतरवलं, उभं केलं, खुर्चीला धरून हळूहळू बसायला सांगितलं आणि आपला तळवा गुडघ्याच्या वाटीवर ठेवला. "क्रेपिटस," ते आपल्या कागदाला म्हणाले. आई म्हणाली, "करकरतोय, तेच मी कधीची सांगते."

डॉक्टरांचा तो शब्दही मुळात आवाजाचाच आहे. १८१६ मध्ये पॅरिसच्या नेकेर रुग्णालयात लाएनेक नावाच्या डॉक्टरनं कागदाची सुरळी करून रुग्णाच्या छातीला लावली आणि तिच्यातून स्टेथोस्कोप जन्मला, ही गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते. त्याच्यापुढची खरी अडचण सुरळीनंतर सुरू झाली. आतापर्यंत कुणी न ऐकलेले आवाज त्याच्या कानात येऊ लागले आणि त्यांना नावं नव्हती. नाव नाही तर ते दुसऱ्या डॉक्टरला सांगायचे कसे, एका रोगाचा आवाज दुसऱ्याहून वेगळा आहे हे पटवायचं कसं? १८१९ च्या आपल्या ग्रंथात त्यानं ती नावं घडवली. एका आवाजाला त्यानं शेळीच्या बें बें करण्यावरून नाव दिलं. दुसऱ्याचं वर्णन केलं, तापल्या भांड्यात मीठ टाकल्यावर व्हावा तसा. मराठी माणसाला यासाठी भांडं तापवायची गरज नाही. तो म्हणेल, तडतड.

त्याच्याही आधी, १७६१ मध्ये, आउएनब्रुगर या ऑस्ट्रियन डॉक्टरनं छातीवर बोटं ठोकून आतलं पाणी ओळखायची रीत लिहून ठेवली होती. तो खाणावळवाल्याचा मुलगा. दारूचं पिंप किती भरलं आहे हे ठोकून ओळखताना त्यानं लहानपणी पाहिलं असावं, असं सांगतात. आपल्याकडे हे ज्ञान कुंभाराच्या दारात बसलेल्या प्रत्येक बाईला होतं. मडकं वाजवून घ्यायचं. नीट भाजलेलं खणखण वाजतं, तडा गेलेलं बद्द. चांदीचा रुपयाही फरशीवर टाकून ऐकत. मिस्त्री तरुणपणी फौंड्रीत होते. कास्टिंग टांगून त्यावर हातोडी मारायची आणि कान लावायचा, हे त्यांचं पहिलं काम. डोळ्याला न दिसणारी चीर त्यांना आवाजातून दिसे.

गॅरेजच्या मागच्या बाजूला जमिनीत खोदलेला माणूसभर खोल खड्डा आहे. गाडी त्याच्यावर उभी केली, चारही चाकं जमिनीवर, सगळं वजन जिथल्या तिथं. मिस्त्री या वयात शिडीवरून आत उतरले. मला त्यांनी पुढच्या उजव्या कोपऱ्यावर दोन्ही हात ठेवून गाडी दाबायला आणि सोडायला सांगितलं. माझा संशय उजवीकडेच होता, रोज माझ्या पायाखालून तो आवाज येत होता. मी दाबत राहिले. खालून काही बोलणं नाही. मग, "डावीकडं या." मी डावीकडे गेले, दाबलं, सोडलं. "अजून." दाबलं. "थांबा. तुम्ही खाली बगा, हात घाला हितं."

मी जमिनीवर वाकून चाकाच्या मागून हात आत घातला. त्यांनी माझं बोट लिंकच्या वरच्या गोल सांध्यावर ठेवलं आणि मुलाला गाडी हलवायला सांगितली. बोटाखाली काहीतरी टिचकी मारल्यासारखं हललं. अगदी थोडं, तांदळाच्या दाण्याएवढं. बाहेरून रबराची टोपी फाटली होती, आत पाणी आणि माती शिरली होती, ग्रीस धुऊन गेलं होतं. सांधा झिजून आपल्याच वाटीत खुळखुळत होता.

"मला उजवीकडून ऐकू येत होतं," मी म्हटलं.

"आवाज पत्र्यातनं पळतोय, बाई. जिथं ऐकू येतोय तिथं असतोयच असं न्हाई."

या कामाला त्यांना दीड तास लागला. त्या दीड तासाचे त्यांनी वेगळे पैसे लावले नाहीत. मी आग्रह केला तेव्हा म्हणाले, ऐकायचं काय घेऊ? मला ते पटत नाही. दोन्ही लिंका बदलायला त्यांच्या हाताखालच्या मुलाला अर्धा तास लागला आणि ते काम पाना धरता येणारा कुणीही करू शकतो. ऐकायचेच पैसे द्यायला हवेत. पण गाड्यांच्या धंद्यात बिल सुट्या भागांचं आणि मजुरीचं होतं, निदानाचा रकाना त्यात क्वचितच असतो. आणि ज्याचे पैसे मिळत नाहीत ते हळूहळू कुणी करेनासं होतं.

मागच्या वर्षी मिस्त्री आजारी होते म्हणून मी गाडी दुसरीकडे नेली होती. चकचकीत जागा, थंड हवा, चहा. आवाज तेव्हा नुकताच सुरू झाला होता, महिन्यातून एखाद्या वेळी. काउंटरवरच्या तरुणाला मी आवाजाचं सांगितलं. तो नम्र होता, त्यानं सगळं टाइप करून घेतलं. जॉबकार्डावर शब्द होते, फ्रंट सस्पेन्शन नॉइज. ते कार्ड आत गेलं. ज्यानं ऐकायचं त्यानं मला पाहिलं नाही, मी त्याला. संध्याकाळी फोन आला, दोन्ही शॉक बदलावे लागतील. मी नको म्हटलं. त्या तरुणाचा दोष मला दिसत नाही. त्यानं मला प्रश्न विचारायला हवा होता असं कुणी त्याला शिकवलंच नव्हतं, आणि तीन मिनिटांत पुढचं गिऱ्हाईक उभं होतं. दोष त्या एका शब्दाचा आहे. नॉइज. ठकठक, खुळखुळ, करकर, घरघर, चारी त्यात बुडून जातात. ज्या शब्दात रबर आणि लोखंड यांतला फरक उरत नाही तो शब्द हातात घेऊन गाडीखाली जाणारा माणूस दुसरं काय करणार? तो सगळ्यात मोठा भाग बदलायचं सुचवतो, आवाज त्यात कुठंतरी असेलच या आशेनं.

घरी आल्यावर मी मोल्सवर्थचा कोश काढून बसले. १८५७ ची ती दुसरी आवृत्ती अशा शब्दांनी भरलेली आहे. दीडशे वर्षांपूर्वीच्या मराठीत पाणी, लाकूड, धातू, कातडं, वारा, प्रत्येकाचा आवाज वेगळा लिहिला जात होता. नव्या कोल्हापुरी वहाणेची करकर, खाटेची कुरकुर, जात्याची घरघर. पुढं जाऊन मराठीनं माणसाच्या तक्रारींची नावंही तिथूनच उचलली. कुरकुर, किरकिर, कटकट, पिरपिर, भुणभुण. कुरकुर करणारा माणूस आणि किरकिर करणारं मूल यांतला फरक आपल्याला सांगावा लागत नाही. कुरकुरणाऱ्याच्या अंगावर कुणाचं तरी ओझं असतं, किरकिरणाऱ्या मुलाला झोप आलेली असते. आवाजाच्या नावातच दुखण्याचा पत्ता असतो. आईची 'करकर' मी दोन महिने 'आईचं गुडघ्याचं सारखं चाललंय' अशी ऐकली होती. तिनं शब्द बरोबर दिला होता. मी तो टिपून घेतला नाही.

मला शाळेत परत जाता आलं तर मी ती यादी फळ्यावर लिहिणार नाही. वर्गात सामान घेऊन जाईन. नाण्याची डबी, सुकी शेंग, बिजागरी सैल झालेली फळी, तडा गेलेलं मडकं. मुलांना डोळे मिटायला सांगेन आणि विचारीन, कसा आवाज आला? 'मोठा' आणि 'बारीक' चालणार नाही. त्यांच्यातली काही उद्या डॉक्टर होतील, काही फिटर, बाकीची सगळी गिऱ्हाईकं आणि रुग्ण होतील, आणि तिघांनाही हे शब्द लागणार आहेत. जे शिक्षक अजून वर्गात आहेत त्यांनी हे करून पाहावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे. खर्च काही नाही.

लिंका बदलल्यावर त्याच दिवशी आम्ही पुन्हा त्या खड्ड्यावरून गेलो. खुळखुळ बंद. मी गाडी वळवणार तेवढ्यात मिस्त्रींनी हात वर केला. "आयका." मला काही ऐकू आलं नाही. तिसऱ्या खेपेला आलं. खुळखुळीच्या आड दडलेला, तिच्याहून मऊ, ओढल्यासारखा. लोअर आर्मच्या मागच्या बुशचं रबर चिरत चाललं होतं. आताच बदलायची गरज नाही, संक्रांतीपर्यंत चालेल, पण थंडी पडली की वाढेल, ते म्हणाले. रबर थंडीत कडक होतं. गॅरेजवर आल्यावर त्यांनी आपल्या वहीत, गाडीच्या नंबरापुढे, तेलाच्या आणि फिल्टरच्या खाली दोन ओळी लिहिल्या. 'डावी लिंक, खुळखुळ, बंद.' आणि 'बुश, करकर, सुरू.'

आता कार्तिक संपत आला आहे. परवा सकाळी मी मिस्त्रींना फोन केला आणि सांगितलं, करकर आहे, पुढून डावीकडून, फक्त थंड गाडीला, घरापासून शिवाजी पुलापर्यंत. पुलानंतर थांबते. ब्रेक दाबून फरक पडत नाही. ते म्हणाले, बुश मागवून ठेवतो.